इंजिन उघडण्याआधी

प्रश्न: माझी मोटारसायकल १५० सीसीची, एका सिलिंडरची, नऊ वर्षांची आणि मूळची वडिलांची आहे. चार महिन्यांपासून वडिलांचे डायलिसिस आठवड्यातून तीनदा होते. सध्या ते मानेजवळच्या कॅथेटरमधून, म्हणजे नळीतून होते आणि पुढच्या महिन्यात हातावर फिस्तुला (डायलिसिसच्या सुयांसाठी धमनी आणि शीर जोडून केलेली वाट) करण्याची शस्त्रक्रिया ठरली आहे. मी त्यांना याच गाडीवरून नेते-आणते. त्यांना धक्के बसू नयेत म्हणून चौथ्या गिअरमध्ये अगदी हळू चालवते. हेल्मेटचा पट्टा नळीला घासतो, म्हणून ते तो उघडाच ठेवतात. काही आठवड्यांपासून सकाळी गाडी सुरू केली की इंजिनाच्या वरच्या बाजूने टकटक ऐकू येते आणि गरम झाल्यावर ती कमी होते. वडील मागे असताना चढावर मात्र कडकड असा आवाज येतो. एक मेकॅनिक टायमिंग चेन (इंजिनातली व्हॉल्व्ह, म्हणजे झडपा, चालवणारी साखळी) म्हणतो, दुसरा बोअर-पिस्टन (सिलिंडरची आतली पोकळी आणि पिस्टन), तिसरा म्हणतो पूर्ण इंजिन खोलावे लागेल. वडील पलंगावरून ऐकून ‘टॅपेट आहे’ म्हणतात, म्हणजे व्हॉल्व्ह दाबून उघडणारे भाग सैल झाले आहेत. भाऊ म्हणतो, गाडी विकून टाक, आजारी माणसाच्या कानावर काय विसंबायचे. सर्व्हिसिंग डायलिसिस सुरू होण्याआधी झाले होते, त्यानंतर नाही. शस्त्रक्रियेआधी हे मिटावे म्हणून एखाद्या रात्री व्हिडिओ पाहून टॅपेट कव्हर मीच उघडावे असा विचार आहे. काय करावे?

उत्तर: सप्रेम नमस्कार. आपल्या पत्रात इंजिनाच्या आवाजाहून तातडीची एक ओळ आहे आणि ती आपण जाता जाता लिहिली आहे, म्हणून आधी तिच्याविषयी. कॅथेटर असलेल्या माणसाने उघड्या पट्ट्याचे हेल्मेट घालून मोटारसायकलवर मागे बसणे हे आजपासून थांबवावे. पट्टा न लावलेले हेल्मेट पडताना डोक्यावर राहत नाही, म्हणजे ते घातले काय अन् न घातले काय, सारखेच. आणि पट्टा लावला तर तो अशा नळीला घासतो, जी थेट मोठ्या रक्तवाहिनीत गेलेली आहे आणि जिच्या तोंडाशी धूळ, घाम किंवा ओढ लागली की संसर्गाची अथवा रक्तस्रावाची भीती असते. परतीचा प्रवास तर अधिकच नाजूक असतो, कारण डायलिसिसमध्ये शरीरातले पाणी काढल्यावर अनेकांचा रक्तदाब उतरतो, चक्कर येते, हातापायांत गोळे येतात आणि मागे बसलेल्या माणसाची पकड नेमकी तेव्हाच सैल होते. डायलिसिस केंद्रातल्या परिचारिकेला किंवा डॉक्टरांना हे सरळ विचारावे. त्यांचे उत्तर माझ्याहून वेगळे येईल असे मला वाटत नाही. वडिलांसाठी चारचाकीची सोय करावी. फिस्तुला झाल्यावरही ही सोय चालू ठेवावी लागेल, कारण फिस्तुला सुया टोचण्याजोगा तयार व्हायला कित्येक आठवडे, कधी काही महिनेही लागतात आणि तोवर डायलिसिस याच नळीतून होते. वडील खर्चाचे कारण सांगून नको म्हणतील, असा माझा अंदाज आहे. त्यांना आजाराचे कारण देण्यापेक्षा गाडीचे कारण द्यावे: दोन माणसांचे ओझे घेऊन चढ चढणे या इंजिनाला सध्या झेपत नाही. हे कारण खोटे नाही, आणि का ते पुढे सांगतो.

आपण एका आवाजाविषयी विचारले आहे, परंतु पत्रात आवाज दोन आहेत. थंड इंजिनाची टकटक वेगळी आणि चढावरची कडकड वेगळी. तीन मेकॅनिकांनी तीन निदाने केली याचे एक कारण बहुधा हेच असावे की प्रत्येकाने त्या त्या वेळी जे ऐकू आले तेवढ्यावरच मत दिले. कोणी थंड इंजिन ऐकले असेल, कोणी दुकानात पोहोचलेले गरम इंजिन ऐकले असेल. आणि वडिलांना मागे बसवून चढावर नेऊन तर कोणीच ऐकले नसणार.

चढावरचा आवाज आधी घेतो, कारण त्याचा उगम आपल्या पत्रातच लिहिलेला आहे. धक्के बसू नयेत म्हणून आपण उंच गिअरमध्ये हळू चालवता. चढ आला, मागे वजन आहे, इंजिनाचे फेरे कमी आहेत आणि गाडी ओढत नाही म्हणून आपण थ्रॉटल अधिक पिळता. अशा वेळी सिलिंडरमध्ये इंधनमिश्रणाचा मोठा भार जळू लागतो, परंतु पिस्टन सावकाश चाललेला असल्यामुळे शेवटी उरलेल्या मिश्रणाला वाढत्या दाबात आणि उष्णतेत बराच वेळ मिळतो, आणि ज्वाला त्याच्यापर्यंत पोहोचण्याआधी ते आपोआप पेटते. त्या दाबाच्या आघाताने धातू कडकडल्यासारखा आवाज येतो. बोलीभाषेत याला इंजिन नॉक करणे म्हणतात. पिस्टनच्या माथ्यावर आणि हेडमध्ये (सिलिंडरच्या वरच्या भागात) कार्बन साचला असेल, इंजिन फार तापले असेल किंवा पेट्रोल कमी ऑक्टेनचे, म्हणजे लवकर आपोआप पेटणारे असेल, तर तो लवकर येतो. मुळात कोणताही भाग झिजला नसतानाही हा आवाज येऊ शकतो. मात्र तो तसाच चालू दिला, तर पिस्टनचे आणि क्रँकच्या (पिस्टनच्या हालचालीने फिरणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगचे नुकसान होते.

याची पारख सोपी आहे. त्याच चढावर, एकटीने, आधी नेहमीच्या गिअरमध्ये आणि मग एक गिअर खाली टाकून गाडी न्यावी. खालच्या गिअरमध्ये आवाज नाहीसा झाला, तर दोष चालवण्याच्या पद्धतीत आहे, आणि ती पद्धत वडिलांच्या काळजीपोटी आलेली आहे. एकटीने जाताना तो कोणत्याच गिअरमध्ये आला नाही, तरी अर्थ तोच. उंच गिअरमध्ये हळू चालवल्याने धक्के कमी होतात हाही गैरसमज आहे. फेरे फार उतरले की इंजिन अडखळत ओढते आणि साखळीला हिसके बसतात, ते मागे बसलेल्यालाच अधिक जाणवतात. वडील गाडीवर नसतील तेव्हाही हे लक्षात ठेवावे.

आता सकाळची टकटक. कुठल्याही पान्याला हात लावण्याआधी ऑइल पाहावे. चार महिन्यांहून अधिक काळ सर्व्हिसिंग झालेले नाही आणि या मापाच्या इंजिनात एकूण ऑइल साधारण एक लिटरच्या आसपास असते, म्हणजे पाव लिटर कमी झाले तरी तो चौथा हिस्सा गेला. सपाट जागी गाडी मुख्य स्टँडवर लावावी, इंजिन दोन-तीन मिनिटे चालवून बंद करावे, ऑइल खाली उतरायला तितकाच वेळ द्यावा, मग ऑइल मोजायची दांडी पुसून पुन्हा बुडवून पाहावी. पुष्कळ गाड्यांत ही दांडी मोजताना आटे फिरवून बसवायची नसते, नुसती टेकवायची असते; आपल्या गाडीचे काय ते तिच्या पुस्तिकेत दिलेले असते, आणि ती पुस्तिका वडिलांनी जपून ठेवली असेल असे मी गृहीत धरतो. पातळी खालच्या खुणेच्या खाली असेल, तर टॅपेट, टायमिंग चेन आणि बोअर या तिन्ही निदानांवर आज चर्चा करण्यात अर्थ नाही, कारण ऑइल अपुरे असताना यांपैकी कुठलाही भाग आवाज करू शकतो. पातळी ठीक असली, तरी इतक्या महिन्यांचे ऑइल बदलूनच घ्यावे. डब्यावर पुस्तिकेतला ग्रेड आणि ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ हा मोटारसायकलच्या ऑइलचा शिक्का असावा. मोटारीचे ऑइल यात घालू नये. मोटारसायकलचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो आणि मोटारीच्या ऑइलमधल्या घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांनी तो घसरू लागतो.

जुने ऑइल काढताना आपण स्वतः तिथे उभे राहावे. ते काळे असणारच, त्याने घाबरू नये. ते पांढऱ्या भांड्यात ओतून उजेडात तिरके धरावे. ड्रेन बोल्टला चुंबक असेल, तर त्यावर बोटाला लागणारा राखाडी, मऊ लेप येतो; तो नेहमीच्या झिजेचा असतो. चमचमणारे तुकडे, नखाला टोचणाऱ्या कपच्या किंवा तांबूस-सोनेरी कण दिसले, तर गोष्ट वेगळी. अशा वेळी तिसऱ्या मेकॅनिकचे म्हणणे गांभीर्याने घ्यावे लागेल. पूर्ण इंजिन खोलण्याचा सल्ला देणाऱ्याने हे भांडे पाहिले होते का, एवढा एक प्रश्न त्याला जरूर विचारावा.

ऑइलनंतर सायलेन्सरचा वाकडा पाइप हेडला जिथे जोडलेला असतो तिथे पाहावे. तिथली गॅस्केट गेली असेल, तर दर दोन फेऱ्यांत एकदा थोडा वायू फटीतून फटकन बाहेर पडतो आणि ऐकणाऱ्याला तो हुबेहूब टॅपेटसारखा वाटतो; पाइप तापून प्रसरण पावला की फट मिटते आणि आवाज उतरतो. आपल्या टकटकीचे वर्णन याच्याशी नेमके जुळते. सांध्याभोवती काजळीचा काळा फराटा दिसला, तर इंजिनाला हात लावण्याची गरज उरत नाही. मला स्वतःला ही शक्यता आवडते, कारण ती स्वस्त आहे आणि तीन तज्ज्ञांच्या नजरेतून सहज सुटणारी आहे. मात्र काजळी दिसली नाही, तर ती खरी मानण्याचा हट्ट धरू नये. पाहताना इंजिन पूर्ण थंड असावे.

त्यानंतर न्यूट्रलमध्ये इंजिन मंद चालू ठेवून क्लचचा दांडा दाबावा आणि सोडावा. दाबल्यावर आवाज बदलला किंवा थांबला, तर तो क्लचकडचा आहे, वरच्या भागातला नाही. हे दहा सेकंदांचे काम आहे आणि ते न करता बोअर-पिस्टनपर्यंत पोहोचणाऱ्या मेकॅनिकांची संख्या थोडी नाही.

आणि हे सारे मोकळ्या हवेत करावे. बंद पार्किंगमध्ये किंवा वडिलांच्या खोलीच्या खिडकीखाली इंजिन चालू ठेवून आवाज ऐकत बसू नये. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो आणि तो रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटवतो. मूत्रपिंडाच्या जुन्या आजारात रक्तक्षय बहुधा आधीच असतो, त्यामुळे निरोगी माणसाला जेवढा धूर सहज सोसतो तेवढाही अशा रुग्णाला बाधू शकतो. वडील पलंगावरून आवाज ऐकतात, याचा अर्थ गाडी खिडकीच्या बरीच जवळ सुरू होत असली पाहिजे. तिची जागा आजच बदलावी.

इथवर उत्तर मिळाले नाही, तर वडिलांच्या मताकडे यावे, आणि ते मत मी भावाइतके हलके मानत नाही. मेकॅनिकला आजचा आवाज ऐकू येतो. वडिलांना या इंजिनाचा नऊ वर्षांपूर्वीचा, पाच वर्षांपूर्वीचा आणि गेल्या वर्षीचा आवाज ठाऊक आहे, त्यामुळे नवे काय ते तेच सांगू शकतात. डायलिसिसने माणूस थकतो, पण वर्षानुवर्षांची ही ओळख त्यामुळे पुसली जात नाही. त्यांना धुरात उभे न करता ऐकवण्यासाठी मोबाइलवर रेकॉर्डिंग करावे: एकदा थंड इंजिनाचे, एकदा दहा मिनिटांनंतरचे, फोन दोन्ही वेळा हेडपासून तेवढ्याच अंतरावर आणि त्याच बाजूला धरून. फोन लहान-मोठ्या आवाजांची पातळी आपोआप सारखी करतो, म्हणून आवाज वाढला की कमी झाला हे रेकॉर्डिंगवरून ठरवू नये. त्याचा पोत कसा आहे, तो कोरडा, ठरावीक टिकटिक आहे की विस्कळीत खरखर, एवढेच त्यातून ऐकावे. ऑइल बदलल्यावर पुन्हा एक रेकॉर्डिंग करावे. वडिलांशी दिवसभर क्रिॲटिनिन आणि पोटॅशियमच्या तपासण्यांखेरीज बोलायला काही उरत नसेल, तर हा विषय त्यांनाही बरा वाटेल, असे आपले मला वाटते.

टॅपेट सैल झाले असतील, तर टिकटिक हेडमधून येते, नियमित असते आणि थ्रॉटलबरोबर तिचा वेग वाढतो. व्हॉल्व्ह क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच उघडतो, म्हणून मिनिटाला १,४०० फेऱ्यांवर मंद चालणाऱ्या इंजिनात एका टॅपेटचे सुमारे ७०० ठोके पडतात. ते मोजता येत नाहीत, पण आवाज इंजिनाच्या धडधडीच्याच तालात आहे की त्याहून जलद, हे सरावलेल्या कानाला कळते. टायमिंग चेन सैल झाली किंवा तिचा टेन्शनर (ताण राखणारा भाग) थकला, तर आवाज एका ठोक्याचा नसून सळसळत्या खरखरीचा असतो, तो सिलिंडरच्या चेन असलेल्या बाजूने येतो आणि फेरे वाढवून थ्रॉटल सोडल्यावर, इंजिन खाली येताना, ठळक होतो. पिस्टन-बोअरमधली फट वाढली असेल, तर थंडपणी पोकळ, बोदा ठोका येतो आणि पिस्टन तापून फुगला की तो विरतो. म्हणजे दुसऱ्या मेकॅनिकचे म्हणणेही अगदीच निराधार नाही. परंतु गाडी निळसर धूर सोडत नसेल, ऑइल पीत नसेल आणि ताकद पूर्वीइतकीच असेल, तर असे इंजिन महिनोन्‌महिने चालते. शस्त्रक्रियेच्या तोंडावर ते उघडण्याची घाई नाही.

टॅपेट सेटिंग हे छोटे काम आहे, पण ते थंड इंजिनावर, पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या (मिश्रण दाबणाऱ्या धावेच्या) वरच्या टोकाला आणून, फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) करायचे असते. म्हणून गाडी आदल्या संध्याकाळी गॅरेजमध्ये ठेवावी आणि सकाळी इंजिन सुरू करण्याआधीच काम करायला सांगावे. पोहोचल्या पोहोचल्या तापलेल्या इंजिनाचे कव्हर उघडून, अंदाजाने स्क्रू फिरवून ‘झाले’ म्हणणाऱ्याला गाडी देऊ नये. फट मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपासची असते. अचूक आकडा पुस्तिकेत असतो आणि इनटेकचा व एक्झॉस्टचा बहुधा वेगवेगळा असतो. एक गोष्ट ग्राहकांना उलटी वाटते: आवाज अजिबात येऊ नये म्हणून टॅपेट घट्ट करून घेणे हे सैल टॅपेटपेक्षा वाईट आहे. फट उरली नाही, तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, त्याची उष्णता हेडमध्ये उतरत नाही आणि तो जळतो. सेटिंगनंतर हलकी टिकटिक राहिली, तर ती राहू द्यावी.

आपण हे काम रात्री स्वतः करण्याचे मनात आणले आहे, ते या महिन्यात तरी करू नये. आपल्याला जमणार नाही असे मी म्हणत नाही. पहाटे उठून रुग्णालय, मग चार तासांचे थांबणे, मग घर, आणि त्यानंतर ॲल्युमिनियमच्या आट्यांत बारीक बोल्ट कसणे, हा क्रम चुकीचा आहे; त्यातला एक आटा गेला, तर पाव तासाचे काम आठवड्यावर जाते. झोपेविषयी मात्र अधिक गंभीरपणे सांगतो. १९९७ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असे दिसले की सलग १७ तास जागे राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी खालावते. पहाटे पाचला उठलेल्या माणसाचे हे १७ तास रात्री दहाला भरतात. आपण त्यानंतर गाडी चालवत असाल, तर मला टकटकीपेक्षा त्याची चिंता अधिक आहे.

गॅरेजचा दिवस कोणता, हेही ठरवून घ्यावे. आठवड्यातून तीन डायलिसिस म्हणजे दोन वेळा एका दिवसाची आणि एकदा दोन दिवसांची सुट्टी. त्या मोठ्या सुट्टीत शरीरात पाणी आणि पोटॅशियम सर्वाधिक साचते, म्हणून तिच्यानंतरची पाळी चुकणे सर्वांत धोक्याचे असते. गाडी त्या पाळीच्या आदल्या दिवशी देऊ नये. ती एक दिवस लांबली, तर आपली धावपळ नेमक्या त्याच सकाळी होईल. लहान सुट्टीच्या दिवशी द्यावी, आणि चारचाकीची सोय आधी पक्की करून मगच द्यावी.

विक्रीविषयी भावाशी आत्ता वाद घालू नये. आवाज करणाऱ्या गाडीला भाव कमी मिळतो, एवढे त्यांना पटेल. आवाजाचे कारण कळल्यावर विकायची की ठेवायची हे ठरवता येईल.

गाडी तत्काळ उभी करावी अशी परिस्थिती एकच आहे आणि आपले वर्णन तिच्या उलटे आहे, हे मुद्दाम सांगतो. आवाज खालून, क्रँककेसमधून, जड ठक्‌-ठक्‌ असा येऊ लागला, इंजिन तापेल तसा तो कमी होण्याऐवजी वाढू लागला आणि भार पडला की खणखणू लागला, तर कनेक्टिंग रॉडचे (पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या दांड्याचे) बेअरिंग संपत आले असे समजावे. खालच्या गिअरमध्येही न जाणारी चढावरची जड कडकड याच शंकेत धरावी. त्यानंतर एक किलोमीटरही चालवू नये, टेम्पोत घालून गाडी न्यावी. चालताना असे इंजिन जाम झाले, तर मागचे चाक अडकते. त्या क्षणी क्लच पूर्ण दाबून ठेवावा आणि गाडी घरंगळत कडेला घ्यावी.

ऑइलची पातळी, पाइपच्या सांध्याची काजळी आणि खालच्या गिअरमधला चढ, या तिन्हींचे जे निघेल ते मला कळवावे. वडिलांनी थंड आणि गरम रेकॉर्डिंग ऐकून काय सांगितले, तेही त्यांच्याच शब्दांत लिहावे.